ग्रंथालयातील नियतकालिके : कोणते ठेवावे, कोणते बंद करावे?



ग्रंथालय म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पुस्तकांची कपाटे उभी राहतात. पण कपाटांच्या अलीकडे एक लांब टेबल असते, त्यावर दैनिके, साप्ताहिके, मासिके आणि त्रैमासिके मांडलेली असतात, आणि खरी गर्दी बहुधा त्या टेबलाभोवतीच असते. या टेबलावर काय असावे आणि काय नसावे, हे कोण ठरवते? कसे ठरवते? आणि त्या ठरवण्याचा परिणाम पन्नास-शंभर वर्षांनी काय होतो? आज आपल्याला या प्रश्नांचा इतिहास पाहायचा आहे.

पुस्तक आणि नियतकालिक यांच्यात एक मोठा फरक आहे. पुस्तकाचा खर्च एकदाचा. नियतकालिकाचे तसे नाही. दुभत्या जनावराला जशी रोज वैरण लागते, तशी नियतकालिकाला दरवर्षी वर्गणी लागते. वर्गणी आगाऊ भरावी लागते, आणि पुष्कळ नियतकालिकांचे वर्ष जानेवारीत सुरू होते. म्हणून पावसाळा सरत आला की ग्रंथपालाच्या टेबलावर पुढच्या वर्षाची यादी येते. यादी गेल्या वर्षीचीच, पण दर वाढलेले. आणि मंजूर रक्कम मात्र तेवढीच किंवा थोडी कमीच. मग कात्री काढावी लागते.

कळवणसारख्या तालुक्याच्या गावाचे उदाहरण घेऊ. गिरणेचे खोरे, चणकापूरचे धरण, सप्तशृंगीचा गड, कांद्याचे पीक, आणि कोकणा, भिल्ल, महादेव कोळी अशा आदिवासी समाजांची मोठी वस्ती, असा हा तालुका. अशा गावच्या महाविद्यालयात किंवा वाचनालयात येणारा वाचक एका साच्याचा नसतो. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलाला चालू घडामोडींचे मासिक हवे. रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांना त्यांच्या विषयाचे इंग्रजी नियतकालिक हवे. अभोण्याच्या किंवा कनाशीच्या बाजूने येणाऱ्या गुरुजींना शिक्षणाचे मासिक हवे. कांदा लावणाऱ्या शेतकऱ्याला बियाणे, रोग आणि साठवण यांची माहिती हवी. आणि एखादी विद्यार्थिनी अशी असते की तिला आपल्याच आजीच्या बोलीविषयी कुठे काही छापून आले आहे का, एवढेच पाहायचे असते. या सगळ्यांच्या गरजा एका रकमेत बसवायच्या. एकाला दिले की दुसऱ्याचे कमी होते. म्हणून हा प्रश्न नुसत्या हिशेबाचा राहत नाही. त्यात न्यायाचाही भाग येतो.

आपल्याकडे सार्वजनिक वाचनालयांची परंपरा जुनी आहे. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ सालचे. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे. पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ चे. त्याच्या स्थापनेत लोकहितवादींचा पुढाकार होता. बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' काढले ते १८३२ साली, म्हणजे वाचनालये आणि वृत्तपत्रे आपल्याकडे जवळजवळ बरोबरीनेच वाढली. त्या काळी वाचनालयाचा खर्च मुख्यतः सभासदांच्या वर्गणीवर आणि धनिकांच्या देणग्यांवर चाले. कोणते वर्तमानपत्र घ्यावे, कोणते मासिक बंद करावे, हे व्यवस्थापक मंडळी बैठकीत ठरवीत. साधा न्याय असा की जो वर्गणी भरतो, त्याच्या आवडीला मान.

या पद्धतीने काही चांगली कामे झाली, हे मान्य केले पाहिजे. 'विविधज्ञानविस्तार' हे मासिक १८६७ साली निघाले आणि १९३७ पर्यंत, म्हणजे सत्तर वर्षे चालले. भाषा, इतिहास, विज्ञान, ग्रंथपरीक्षण असे जड लेखन त्यात येई. ज्या वाचनालयांनी त्याची वर्गणी चालू ठेवली आणि वर्षाचे अंक एकत्र बांधून ठेवले, तिथे अभ्यासक आजही ते खंड पाहायला जातात. अंक हातात पडला तेव्हा तो किती जणांनी वाचला असेल? थोड्याच. पण तो जपून ठेवल्यामुळे पुढच्या तीन-चार पिढ्यांना उपयोगी पडला.

आता याची दुसरी बाजू पाहा. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली 'दीनबंधु' काढले. ते सत्यशोधक चळवळीचे, शेतकऱ्याचे आणि कामकऱ्याचे पत्र. मुकुंदराव पाटलांनी १९१० साली 'दीनमित्र' सुरू केले आणि अहमदनगर जिल्ह्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून ते पुढे अनेक वर्षे चालवले. खेड्यातून निघणारे वृत्तपत्र, ही त्या काळी केवढी गोष्ट! डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे 'मूकनायक' १९२० साली निघाले. या पत्रांचा वाचक कोण होता? ज्याला शहरातल्या वाचनालयाचे सभासद होणे परवडत नव्हते, किंवा जिथे जाण्याची त्याला सोयच नव्हती, असा माणूस. साहजिकच वर्गणीदारांच्या आवडीवर चालणाऱ्या टेबलावर या पत्रांना जागा मिळणे कठीण होते. 'दीनबंधु'चे जुने अंक आज अभ्यासकाला मोठ्या कष्टाने शोधावे लागतात. 'मूकनायक' आणि 'बहिष्कृत भारत' यांचे उपलब्ध अंक महाराष्ट्र शासनाने पुढे पुस्तकरूपाने छापले, म्हणून ते आज शाळेतल्या शिक्षकाच्याही हाती येऊ शकतात. पण जे असे पुन्हा छापले गेले नाही, त्याचे काय?

'आज कोण वाचतो' हा प्रश्न योग्य आहे, पण तो अपुरा आहे. ग्रंथालयाच्या दारापर्यंत जो येऊच शकला नाही, त्याची गरज त्या उत्तरात कधीच मोजली जात नाही.

पुढे सरकारने यात लक्ष घातले. १९३९ साली त्या वेळच्या मुंबई सरकारने आसफ अली असगर फैजी यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. प्रांताच्या मध्यवर्ती ग्रंथालयापासून जिल्हा, तालुका आणि गावापर्यंत ग्रंथालयांची साखळी असावी, असे समितीने सुचवले. स्वातंत्र्यानंतर ते काम हळूहळू सुरू झाले, आणि महाराष्ट्र राज्याचा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला. त्यानंतर वाचनालयांना वर्गवारीप्रमाणे अनुदान मिळू लागले. कोणत्या वर्गाच्या वाचनालयात किती दैनिके आणि किती नियतकालिके असावीत, याचेही नियम झाले. यामुळे गावोगावी टेबल भरले, ही लहान गोष्ट नव्हे. पण नियम संख्या सांगतो; निवड सांगत नाही. संख्या भरायची म्हणून स्वस्तातली मासिके घ्यायची आणि महाग पण कामाचे एखादे वगळायचे, हा मोह अशा व्यवस्थेत नेहमीच राहतो. तो टाळणे हे गावच्या ग्रंथालय समितीच्या हाती असते.

महाविद्यालये आणि विद्यापीठे यांच्यापुढे प्रश्न आणखी अवघड होता. पुणे विद्यापीठाची स्थापना १९४९ ची. त्याच्या ग्रंथालयाला पहिले कुलगुरू बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांचे नाव आहे. कळवणचे महाविद्यालय आज याच विद्यापीठाच्या, म्हणजे आताच्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कक्षेत येते. संशोधन करायचे तर जगात काय चालले आहे ते कळले पाहिजे, आणि ते कळण्याचे साधन म्हणजे परदेशी संशोधनपत्रिका. त्यांची वर्गणी डॉलरात किंवा पौंडात भरायची. आता हा हिशेब बघा. १९६६ च्या जून महिन्यात रुपयाचे अवमूल्यन झाले. त्याआधी एक डॉलर सुमारे ४ रुपये ७६ पैशांना पडे, तो साडेसात रुपयांना पडू लागला. म्हणजे शंभर डॉलर वर्गणीच्या पत्रिकेला आधी ४७६ रुपये लागत, तिला ७५० रुपये लागू लागले. पत्रिका तीच, पाने तेवढीच, पण किंमत दीडपटीहून अधिक. १९९१ च्या जुलै महिन्यात पुन्हा असेच झाले. डॉलर एकवीस रुपयांच्या आसपास होता, तो सव्वीसच्या घरात गेला. ग्रंथालयाची रक्कम काही त्या प्रमाणात रातोरात वाढत नाही. अशा वेळी कात्री कुठे चालवायची, हे कोणाच्या मर्जीवर सोडून भागत नाही. त्याला काही रीत लागते.

ती रीत शोधण्याचा एक प्रयत्न अमेरिकेतल्या एका लहान महाविद्यालयात झाला होता. कॅलिफोर्नियातल्या पोमोना महाविद्यालयातील ग्रोस आणि ग्रोस या दोन अभ्यासकांनी १९२७ साली एक लेख प्रसिद्ध केला. त्यांच्यापुढचा प्रश्न आपल्या कळवणच्या प्रश्नासारखाच होता. लहान महाविद्यालय, थोडे पैसे, आणि मुलांना रसायनशास्त्र चांगले शिकवायचे आहे. मग कोणती नियतकालिके घ्यावीत? चार मोठ्या माणसांना विचारून यादी करण्याऐवजी त्यांनी एक साधी युक्ती केली. अमेरिकन रसायन संस्थेच्या प्रमुख पत्रिकेचा १९२६ सालचा खंड घेतला, आणि त्यातल्या लेखकांनी तळटीपांत कोणकोणत्या नियतकालिकांचा आधार घेतला आहे, ते मोजले. एकूण ३,६३३ उल्लेख निघाले आणि ते २४७ नियतकालिकांत वाटलेले होते. थोड्या नियतकालिकांचे नाव वारंवार येत होते, बाकीच्यांचे क्वचित. जर्मन भाषेतल्या पत्रिकांचा वाटा इतका मोठा निघाला की रसायन शिकणाऱ्याला जर्मन वाचता आलेच पाहिजे, असा निष्कर्षही त्यांनी काढला. मोजदाद प्रामाणिकपणे केली तर न विचारलेल्या प्रश्नाचेही उत्तर मिळते, ते असे.

त्यानंतर सात वर्षांनी, १९३४ साली, लंडनच्या विज्ञान संग्रहालयाच्या ग्रंथालयातले सॅम्युएल ब्रॅडफर्ड यांनी आणखी एक हिशेब मांडला. जमिनीच्या पोटातले खनिज आणि खडक शोधण्याच्या शास्त्रावर निघालेले १,३३२ लेख त्यांनी तपासले. हे लेख ३२६ नियतकालिकांत विखुरलेले होते. त्यांतल्या केवळ ९ नियतकालिकांत ४२९ लेख होते, म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा. पुढचे ४९९ लेख मिळवायला आणखी ५९ नियतकालिके लागली. आणि उरलेले ४०४ लेख तब्बल २५८ नियतकालिकांत एकेक, दोन-दोन असे पसरलेले होते.

शेतकरी श्रोत्यांना हे लगेच कळेल. भुईमूग काढताना वेल उपटला की बहुतेक शेंगा हातात येतात. थोड्या मातीत राहतात, त्या खुरप्याने मिळतात. पण शेवटच्या चार शेंगांसाठी सगळे रान उकरत बसलो, तर दिवस जातो आणि मजुरीही निघत नाही. ब्रॅडफर्डने ग्रंथालयाला हेच सांगितले. गाभ्यातली थोडी नियतकालिके कधी सोडू नका. पण सगळेच्या सगळे एका ग्रंथालयाने विकत घेणे कोणालाही शक्य नाही. मग उरलेल्यांसाठी शेजाऱ्याकडे जावे लागेल.

शेजाऱ्याकडे जाण्याची व्यवस्था आपल्या देशातही झाली. शास्त्रीय माहिती पुरवणारे एक राष्ट्रीय केंद्र १९५२ साली दिल्लीत निघाले. 'इन्सडॉक' या नावाने ते ओळखले जाई. एखाद्या संशोधकाला हवा असलेला लेख कोणत्या ग्रंथालयात आहे ते पाहून त्याची प्रत काढून पोस्टाने पाठवायची, हे त्याचे एक काम. कोणते नियतकालिक देशात कुठे येते, याच्या संयुक्त याद्याही तयार होत गेल्या. अशी यादी हातात असली की वर्गणी बंद करताना छातीत धस्स होत नाही, कारण ते नियतकालिक निदान पुण्यात किंवा मुंबईत येते आहे, हे माहीत असते. पैसे न देता नियतकालिके मिळवण्याचीही एक जुनी वाट होती, ती देवघेवीची. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरासारख्या संस्था स्वतःची पत्रिका काढत. ती इतर संस्थांना पाठवायची आणि बदल्यात त्यांची मागवायची. खेड्यातल्या सावडीसारखीच ही रीत. पण सावडीला आपल्या घरचा एक बैल लागतो, तसे देवघेवीला आपले स्वतःचे काही छापलेले लागते.

आता ग्रंथपाल प्रत्यक्षात मोजतात तरी कसे? पद्धती साध्या आहेत, आणि गावच्या वाचनालयालाही जमतील अशा आहेत. वाचून झालेला अंक वाचकाने पुन्हा जागेवर ठेवू नये, टेबलावरच राहू द्यावा, अशी सूचना लावायची. आणि रोज संध्याकाळी टेबलावर काय पडले आहे ते वहीत लिहायचे. किंवा अंकाच्या वेष्टनाला एक चिठ्ठी डकवायची, वाचणाऱ्याने तिच्यावर एक रेघ ओढायची. वर्षाअखेर वर्गणीच्या रकमेला त्या रेघांनी भागायचे. समजा, एका मासिकाची वर्गणी सहाशे रुपये आणि वर्षभरात ते तीनशे वेळा वाचले गेले, तर एका वाचनाला दोन रुपये पडले. दुसऱ्याची वर्गणी तीनशेच, पण ते तीन वेळा उघडले गेले, तर एका वाचनाला शंभर रुपये पडले. महाग कोणते आणि स्वस्त कोणते? वर्गणीचा आकडा पाहून जे वाटते, त्याच्या नेमके उलटे उत्तर येते.

डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. त्यांतले पहिलेच सूत्र सांगते की ग्रंथ हे वापरासाठी आहेत. कोणी उघडतच नाही असे नियतकालिक केवळ भारदस्त दिसते म्हणून वर्षानुवर्षे मागवत राहणे, म्हणजे ज्याला खरी गरज आहे त्याच्या तोंडचा घास काढणे. म्हणून मोजणी हवीच. ज्याला वर्गणी बंद करणे मुळीच आवडत नाही, त्यानेही ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

पण मोजणीलाही डोळे असावे लागतात. एक तर ती कोणत्या महिन्यात केली, याला महत्त्व आहे. परीक्षेच्या दिवसांत स्पर्धा परीक्षेच्या मासिकावर उड्या पडतात आणि बाकी सगळे ओस पडते. कांद्याची काढणी चालू असताना शेतकरी वाचनालयाकडे फिरकत नाही. त्या महिन्यात शेतीच्या मासिकापुढे शून्य पडले, म्हणून ते निरुपयोगी ठरत नाही. दुसरे असे की सगळी वाचने सारखी नसतात. पन्नास जणांनी चाळून टाकलेला अंक आणि एकाच विद्यार्थिनीने तीन दिवस बसून उतरवून घेतलेला अंक, यांचा हिशेब एकाच रेघेने कसा होईल? आणि तिसरे, जगाच्या गणनेत आपण असतोच असे नाही. कोणत्या लेखाचा आधार कोणी घेतला, याची मोठी सूची अमेरिकेत यूजीन गारफील्ड यांच्या संस्थेने १९६० नंतरच्या दशकात सुरू केली आणि पुढे नियतकालिकांचे वजन त्यावरून ठरू लागले. त्या मोजणीत इंग्रजी विज्ञानपत्रिका पुढे असतात. मराठीत लिहिलेला गिरणा खोऱ्यावरचा लेख त्या तराजूत चढतच नाही. तराजूत चढला नाही म्हणून त्याला वजन नाही, असे मात्र कोणी समजू नये.

गेल्या तीस वर्षांत या सगळ्या व्यवहाराचे रूप पालटले आहे. छापील अंकाची जागा संगणकावरच्या अंकाने घेतली. मोठ्या परदेशी प्रकाशकांनी एकेक पत्रिका विकण्याऐवजी शेकडो पत्रिकांचा गठ्ठा विकायला सुरुवात केली. गठ्ठ्यात हवी ती दहा आणि नको ती नव्वद. बाजारात चांगल्या कांद्याबरोबर दुभाळके कांदेही त्याच गोणीत घ्यावे लागावेत, तसे. गठ्ठा इतका महाग होत गेला की श्रीमंत विद्यापीठेही अडखळली. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०१९ च्या फेब्रुवारीत एल्सव्हिअर या मोठ्या प्रकाशकाशी वाटाघाटी थांबवल्या, आणि दोन वर्षे त्याच्या नव्या पत्रिकांशिवाय काम चालवून २०२१ साली आपल्या अटींशी जुळणारा नवा करार केला. प्राध्यापक आणि ग्रंथपाल एका बाजूला उभे राहिले, म्हणून ते जमले.

आपल्या देशाने वेगळा मार्ग धरला, तो एकत्र खरेदीचा. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९९१ साली 'इन्फ्लिबनेट' नावाने ग्रंथालये जोडण्याचे काम हाती घेतले. त्याचे केंद्र गुजरातेत आहे. महाविद्यालयांसाठी 'एन-लिस्ट' ही योजना २०१० साली आली, आणि थोडक्या वार्षिक शुल्कात तालुक्याच्या महाविद्यालयालाही हजारो पत्रिका संगणकावर दिसू लागल्या. त्यानंतर २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्र सरकारने 'एक राष्ट्र, एक वर्गणी' ही योजना मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, जवळजवळ १३,००० पत्रिका, आणि ६,३०० हून अधिक संस्था, असा तिचा आवाका आहे. मात्र तिचा पहिला टप्पा केंद्र आणि राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालील संस्थांसाठी आखलेला आहे. आपल्याकडे तालुक्याची बहुतेक महाविद्यालये खासगी शिक्षणसंस्था चालवतात. म्हणून आपले महाविद्यालय कोणत्या योजनेत बसते, हे प्राचार्यांनी आणि ग्रंथपालांनी नीट विचारून घेतले पाहिजे.

ही योजना मोठी आहे, तिचे स्वागतच केले पाहिजे. कळवणच्या रसायनाच्या विद्यार्थ्याला एरवी जी पत्रिका पाहायला पुण्याला जावे लागले असते, ती जर इथे बसून दिसली, तर त्यासारखे दुसरे काय? परंतु दोन गोष्टी विसरता कामा नयेत. पहिली गोष्ट मालकीची. जुन्या काळी वर्गणी बंद केली तरी तोवरचे बांधीव खंड कपाटात राहत. संगणकावरचे पुष्कळदा तसे नसते. करारात मागच्या अंकांचा हक्क लिहून घेतला नसेल, तर वर्गणी थांबली की पूर्वीचेही दिसेनासे होऊ शकते. आपल्या आवारात विहीर खोदणे आणि टँकरचे पाणी घेणे, यांतला फरक गावातल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही.

दुसरी गोष्ट आपल्या अधिक जवळची आहे. दिल्लीत किंवा गांधीनगरात बसून कोणी कितीही चांगली यादी केली, तरी तिच्यात कळवणचे कळवणपण येणार नाही. उदाहरण सांगतो. १९८० साली नाशिक जिल्ह्यात कांद्याच्या आणि उसाच्या भावासाठी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली मोठे शेतकरी आंदोलन झाले. त्या चळवळीचे विचार पुढे 'शेतकरी संघटक' या पाक्षिकातून येत राहिले. उद्या कळवणच्याच एखाद्या मुलाला आपल्या आजोबांच्या त्या लढ्याचा अभ्यास करायचा झाला, तर त्याला ते अंक कुठल्या परदेशी गठ्ठ्यात मिळणार? पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेची स्थापना १९६२ ची. तिच्या पत्रिकेत महाराष्ट्रातल्या आदिवासी समाजांवर लेख येत. बडोद्याच्या भाषा संशोधन केंद्राने, गणेश देवी यांच्या पुढाकाराने, 'ढोल' नावाचे नियतकालिक आदिवासींच्या भाषांतून काढले. त्या भाषांत डांगाकडची कुकणाही होती, आणि डांग आपल्या सुरगाणा-कळवणच्या शेजारचेच. अशा अंकांना वाचक थोडे. मोजणीत ते तळाला जाणार. परंतु ज्या गावात त्या भाषेची माणसे राहतात, तिथल्या ग्रंथालयाने ते ठेवले नाहीत, तर दुसरे कोण ठेवील?

तेव्हा यादीवर कात्री चालवण्यापूर्वी काही प्रश्न क्रमाने विचारावेत, असे या दीडशे-पावणेदोनशे वर्षांच्या अनुभवावरून म्हणता येते. हे नियतकालिक कोण वाचतो, आणि वर्षभराच्या मोजणीत ते किती वेळा हाताळले गेले? एका वाचनाला किती खर्च पडतो? ते इथे बंद केले तर नाशिकला, पुण्याला किंवा संगणकावर खात्रीने मिळेल का? आपल्याकडे त्याचे मागचे खंड सलग आहेत का? सलग असतील तर मधे खिंडार पाडण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा, कारण साखळीतली एक कडी गेली की पुढचे-मागचे दोन्ही अंक निम्म्या उपयोगाचे राहतात. आणि अखेरचा प्रश्न असा, की आपण ठेवले नाही तर हे जपणारे दुसरे कोणी आहे का? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे प्रतिकूल आली तर वर्गणी खुशाल बंद करावी, त्यात काही वाईट नाही. पण शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आले, तर पैसे कुठूनही उभे करावेत.

बंद करण्याचीही एक सभ्य रीत आहे. बंद करावयाच्या नियतकालिकांची यादी तीन महिने आधी भिंतीवर लावावी, प्रत्येक विषयाच्या शिक्षकांना दाखवावी, आणि ज्यांची वाचनालयात ये-जा कमी आहे अशांकडेही निरोप पाठवावा. 'हे नको' म्हणणारे पुष्कळ भेटतात. 'हे मला हवे आहे' असे म्हणणारा एकच असतो, आणि तो बहुधा बुजरा असतो. त्याचे म्हणणे ऐकल्याशिवाय निर्णय घेऊ नये.

शिक्षक मित्रांना शेवटी एक विनंती. शंकर गणेश दाते या माणसाने मराठी ग्रंथांची सूची करण्यासाठी आपले आयुष्य वेचले, आणि १८०० ते १९५० या काळातल्या मराठी नियतकालिकांचीही सूची त्यांच्या पुढाकाराने तयार झाली. कुठल्या वाचनालयात कोणत्या मासिकाचे कोणते अंक आहेत, हे शोधत हिंडणे किती कष्टाचे असेल याची कल्पना करा. तेवढे मोठे काम आपल्याला जमणार नाही. पण आपल्या शाळेच्या कपाटात, गावच्या वाचनालयाच्या माळ्यावर, एखाद्या जुन्या कार्यकर्त्याच्या घरी कोणत्या नियतकालिकांचे कोणत्या सालचे अंक पडून आहेत, एवढे एका वहीत लिहून काढणे तर जमेल? सातवी-आठवीची मुले हे काम आनंदाने करतील. वहीची एक प्रत तालुक्याच्या वाचनालयात ठेवावी आणि एक महाविद्यालयात. मग पुढच्या वर्षी वर्गणीची यादी समितीपुढे येईल, तेव्हा कोणते अंक फक्त आपल्याच तालुक्यात उरले आहेत, हे बैठकीतल्या प्रत्येकाला समोर दिसेल, आणि ती कात्री थोडी जपून चालेल.